बोर्ड कोणाकडे आहे?

भूत, भानामती आणि देवऋषी या तिन्हींच्या विरोधात मी पत्रकं लिहिली आहेत आणि सीताबर्डीच्या बाजारात उभं राहून ती स्वतःच्या हातांनी वाटली आहेत. वडिलांचा लहानसा छापखाना होता. मी मुळाक्षरं गिरवली ती फुकट गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे न उलगडणाऱ्या अनुभवांच्या या सदराखाली माझं नाव पाहून माझे मित्र हसतील... हसू द्या. गेल्या उन्हाळ्यापासून हे मनात घेऊन फिरतोय, आता थकलो. जसं घडलं तसं लिहितो. मत तुम्ही बनवा, माझं काही बनत नाही.

मी नागपूरच्या विमानतळावर कंट्रोलमध्ये नोकरी करतो. युद्ध संपलं, गोऱ्यांची लढाऊ विमानं गेली आणि मुंबई-कलकत्ता, दिल्ली-मद्रास अशी चारी दिशांची प्रवासी विमानं आमच्या डोक्यावर येऊन एकमेकांचा रस्ता कापू लागली. धावपट्टीच्या कडेला एक दुमजली इमारत, वर जायला लाकडी जिना आणि वरच्या खोलीला तीन बाजूंनी काचा. शहरातल्या साहेबांच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे असतात. आमच्या काचा उघड्याच ठेवाव्या लागतात, कारण बाहेरचं दिसलं पाहिजे. मे महिन्यात त्या खोलीत माणूस भाजून निघतो.

लोकांना वाटतं आम्ही दुर्बीण लावून विमानं बघतो. खरं म्हणजे बरेचदा बघायला काही नसतंच. काम चालतं ते बोर्डवर. भिंतीला टेकवलेला काळा फळा, त्यावर आडव्या रेघा – तीन हजार फूट, चार हजार, पाच हजार, अशा वर चढत गेलेल्या. प्रत्येक विमानाची एक लाकडी पट्टी. नियम एकच: एका रेघेवर एकच पट्टी. खालच्या विमानानं 'रेघ सोडली' असं कळवल्याशिवाय वरच्याला तिथे उतरू द्यायचं नाही. ढग असोत, धूळ असो, तुम्हाला काही दिसत नसो... रेघा पाळल्या तर विमानं आपटत नाहीत. हुकूम जातात बिनतारी यंत्रावर, बोटाखालच्या कीनं – कट्ट-कडकट्ट, तारऑफिसात ऐकता तसेच.

हे सगळं मला शिकवलं नानांनी. आयुष्यभर तारेत आणि बिनतारीत काढलेला माणूस. डोक्यावर काळी टोपी, खिशात सुपारी, आणि कीवरचा हात असा की कोणीही ओळखावा. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जशी चाल वेगळी असते. नाना प्रत्येक शब्दाचा शेवटचा ठोका जरा ओढून धरायचे, जणू निरोप घेताना हात सोडवत नाही.

ड्युटी बदलताना नानांची एक रीत होती. जाणाऱ्यानं प्रत्येक पट्टीला बोट लावून ती मोठ्यानं वाचायची, येणाऱ्यानं ती परत म्हणायची. मग येणाऱ्यानं म्हणायचं, "बोर्ड माझ्याकडे." हे म्हटल्याशिवाय जाणाऱ्यानं उठायचं नाही. एकदा नानांचं पोट बिघडलं होतं. मी आत आलो तेव्हा ते खुर्चीत पिळवटून बसलेले.

"ये गा लवकर, वसंता! मले पळायचं आहे."

"मग पळा ना नाना, मी बघतो."

"बघतो म्हंजे काय? बोल पहिले. मुंबईचं, सहा हजार..."

चारही पट्ट्या वाचल्या, माझ्याकडून वदवून घेतल्या, मगच पळाले. मी जिन्यावरून ओरडलो, "नाना, ही तुमची पूजाच आहे, फक्त घंटा नाही!" खालून आवाज आला, "पूजेत चूक झाली तर देव माफ करते. इथं कोण करंल?"

आमच्याकडे जागा तीन माणसांच्या, माणसं दोन – मी आणि नाना. अडल्यावर आमचे वरिष्ठ, साहेब, स्वतः बसायचे. तिसरा माणूस 'येणार आहे' असं वर्षभर ऐकत होतो. मी पत्रक काढलं: 'झोप ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.' नानांपुढे सहीला धरलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, एक काना चुकला होता तो दाखवला आणि कागद परत दिला.

"सही करतो. पण तू संप करशील त्या दिवशी बोर्डवर कोण बसंल ते लिहिलं नाहीस."

मी रागावलो. यांच्यासारख्या सोशिक माणसांमुळेच वरच्यांचं फावतं, असं तोंडावर म्हणालो. नाना सुपारी कातरत राहिले.

मे महिन्यात एका दुपारी मी ड्युटीवर येत होतो. नानांची सलग दुसरी ड्युटी संपत होती. मी जिन्यात असताना वर धप्प आवाज झाला. धावत गेलो तर नाना खुर्चीतून कलंडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. उन्हाची लू लागली होती. साहेब आतल्या खोलीतून आले, खुर्चीत बसले, हेडफोन कानाला लावला. आकाशात एक विमान होतं. मी आणि शिपायानं नानांना खाली नेलं आणि मोटारीत घालून सरकारी इस्पितळात पोचवलं.

त्या धांदलीत कोणी काही वाचलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

ताप उतरला, पण नाना शुद्धीवर येईनात, की झोपेनात. डोळे उघडे, नजर छताकडे. उजवा हात लोखंडी खाटेच्या कडेवर, आणि बोटं सारखी चाललेली – टक, टकटक. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झोप मिळाली पाहिजे. औषधं दिली आहेत, पण लागत नाहीत. असंच चाललं तर शरीर फार दिवस सोसणार नाही.

काकू – नानांच्या पत्नी – उशाशी पदरानं वारा घालत बसलेल्या. "रामटेकले नवस बोलली मी. आन् भाऊजी एका भगताले आणतो म्हणून राहिले."

"काकू, भगत झोप आणत नसतो. माझ्या पत्रकात मी..."

"तुझं पत्रक वाचून झोप येत असंल तर वाच गा त्यायच्यापुढं! मले तर येते."

टकटक ऐकत होतो, पण तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आजाऱ्याची बोटं चालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोर्डवर होतो. दोन विमानं जवळ येत होती. मुंबईचं चार हजारांच्या रेघेवर, कलकत्त्याचं पाच हजारांवर, आणि दोघांनाही उतरायचं होतं. मुंबईच्याला आधी खाली घ्यायचं, म्हणून कीवर हात ठेवला... आणि पश्चिमेकडून आंधी आली. एका क्षणात काचा तांबड्या झाल्या, धावपट्टी दिसेनाशी झाली. हेडफोनमध्ये कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, बाकी काही नाही. मी की दाबत राहिलो. यंत्राचा काटा मेलेला, जागचा हलेना. वाऱ्यानं एरियलची तार तुटून मैदानात पडली होती, हे नंतर दिसलं. म्हणजे आमच्या इमारतीतून एक ठोकासुद्धा बाहेर जात नव्हता.

संपर्क तुटला तर वैमानिकांनी ठरल्या वेळी आपण होऊन खाली यायचं असतं. कलकत्त्याच्या विमानाची ती वेळ होत आली होती, आणि त्याच्या खालची रेघ मोकळी झालेली नव्हती. मुंबईवाल्याची वेळ त्याच्यानंतरची, म्हणून तो माझ्या हुकमाची वाट पाहत तिथेच घिरट्या घालत असणार. दोन विमानं, एक रेघ, आणि धुळीत दोघंही आंधळे. साहेब माझ्या मागे उभे होते. दोघांना एकाच वेळी कळलं. मी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, त्या कुठे ठेवायच्या ते कळेना.

धूळ ओसरली तेव्हा मुंबईचं विमान धावपट्टीवर उतरत होतं. मागोमाग, नीट अंतर ठेवून, कलकत्त्याचं.

कलकत्त्याच्या विमानावर रेडिओ ऑफिसर होता घाटे, नानांचा जुना चेला. तो जिना चढून वर आला तो हसतच.

"नाना कुठी आहेत? पाय धरू दे एकदा त्यायचे. या वयात काय हात आहे गा! बाकी सारी खरखर, पण नानाचा ठोका साफ. 'पाच हजार सोडू नको, पाच हजार सोडू नको.' मंग मुंबईवाल्याले खाली घेतलं, आन् त्यानं रेघ सोडल्यावर मले सोडलं."

"घाटे, नाना इस्पितळात आहेत. कालपासून."

"मस्करी नको करू."

"इथे मी होतो. आणि तार तुटलेली आहे, ती बघ बाहेर."

त्यानं खिडकीतून पाहिलं. मग टेबलावर बोटानं ठोके वाजवून दाखवले, शेवटचा ओढून धरलेला. "हा हात कोणाचा आहे, तूच सांग." मुंबईच्या विमानावर एक मद्रासी मुलगा होता, तो नानांना ओळखत नव्हता. तो खाली चहा पिताना एवढंच म्हणाला, की तुमचा ऑपरेटर सावकाश वाजवतो, पण चूक करत नाही.

एरियल दुरुस्त झाली. मी साहेबांना पट्ट्या वाचून दिल्या, त्यांनी बोर्ड घेतला आणि मी सायकल काढली. वाटेत एकच हिशोब डोक्यात फिरत होता. या दोन दिवसांत मी बोर्ड साहेबांकडून घेतला, साहेबांनी माझ्याकडून. पण पहिल्यांदा साहेबांनी तो कोणाकडून घेतला?

इस्पितळात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. नानांच्या बोटांना चिंधी बांधलेली, तिच्यावर रक्ताचा डाग.

"आंधी आली तवा लई जोरात वाजवलं त्यायनं," काकू म्हणाल्या. "मी हात धरला तर मले ढकललं. कातडी सोलून निघाली. मंग आपसूक हळू झालं."

मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यांदाच ती टकटक ऐकली – ऐकली म्हणजे वाचली. ते बरळणं नव्हतं. नाना विमानांची नावं आणि उंच्या वाजवत होते. एक फेरी संपली की थोडं थांबायचे. उत्तराची वाट बघावी तसं. उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून.

मी काकूंना सांगितलं... काय सांगितलं ते मलाही नीट आठवत नाही. यांना अजून कोणी सोडवलेलं नाही, यांच्या हातून बोर्ड कोणी घेतलेलाच नाही, असं काहीतरी. बोलताना लाज वाटत होती. भगत याहून वेगळं काय बोलला असता?

काकू हसल्या नाहीत. "मंग तू घे."

"काकू, यांचा जीव कदाचित तेवढ्यावरच धरून असेल. सोडला आणि..."

"जातील काय?"

"मला ठाऊक नाही."

त्यांनी सुटत आलेली ती चिंधी पुन्हा बांधली. शेजारच्या खाटेवरचा पोरगा कण्हत होता. मग म्हणाल्या, "या माणसाले जन्मात कोणी 'बस झालं, उठा आता' म्हटलं नाही गा. मीबी नाही म्हटलं. तू म्हण."

आणखी एक गोष्ट होती. तो शब्द खोटा उच्चारायचा नसतो. म्हटलं की बोर्ड खरोखर घ्यायचा, आणि माझी ड्युटी तर आत्ताच संपली होती. सलग दुसरी ड्युटी करणार नाही, हे मी छापून जाहीर केलेलं.

मी नानांच्या कानाशी वाकलो. त्यांची बोटं चालली: मद्रासहून दिल्लीला जाणारं, सहा हजार. हे विमान मी निघालो तेव्हा बोर्डवर नव्हतं. या वेळेला मद्रासहून काही येतच नाही. तरी मी मोठ्यानं म्हटलं, "मद्रासहून दिल्लीला, सहा हजार." बोटं थांबली. मी वाट पाहिली. दुसरी पट्टी आली नाही.

"बोर्ड माझ्याकडे, नाना. उठा तुम्ही."

त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. आम्ही दोघंही नानांच्या छातीकडे बघत होतो. छाती खाली गेली... वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग नाना घोरू लागले. काकू पदरात तोंड घालून रडल्या.

मी सायकल मारत विमानतळावर आलो. साहेब म्हणाले, तुझी ड्युटी संपली, परत काय? मी बोर्डकडे पाहिलं. त्यावर एकच पट्टी होती, सहा हजारांच्या रेघेवर. सैन्याचं एक विमान, मद्रासहून दिल्लीला, वेळापत्रकात नसलेलं. तू गेल्यानंतर कळलं, साहेब म्हणाले. मी पट्टीला बोट लावलं, वाचलं आणि खुर्चीत बसलो. पत्रकातलं माझंच वाक्य रात्रभर मला टोचत राहिलं.

नाना सलग झोपले, इतके की नर्स दर थोड्या वेळानं नाडी बघून जायची. जागे झाले तेव्हा मी तिथे होतो. पहिला प्रश्न: "बोर्ड कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, नाना."

"मंग ठीक आहे." आणि कूस बदलून परत झोपले.

आता ते धरमपेठेत मुलीकडे राहतात. पुन्हा कामावर आले नाहीत. आंधीच्या दुपारचं त्यांना काहीच आठवत नाही. मी विचारलं तर म्हणतात, "मी तर पडून होतो गा, मले काय विचारतं?" माझ्या पत्रकावर मात्र त्यांनी सही केली. एक ओळ वाढवायला लावली – बसलेला माणूस उठण्याआधी दुसरा माणूस हजर पाहिजे. ती ओळ का, हे साहेबांनी विचारलं. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

योगायोग म्हणावं तर तुटलेली तार आड येते. भास म्हणावं तर भास दोन विमानांत आणि इस्पितळात एकाच वेळी कसा होईल? घाटेनं दुसऱ्या कुठल्या स्टेशनचा आवाज पकडला असेल, असं मीच स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्या दुपारी त्या उंच्या ठाऊक असलेलं दुसरं स्टेशन नव्हतं. वाचकांपैकी कोणी बिनतारीचा जाणकार असेल तर त्यानं लिहावं. माझा अजूनही भुतांवर विश्वास नाही. विश्वास ठेवायला तिथे भूत कुठे होतं? एक दमलेला माणूस होता, आणि त्याला कोणी ऊठ म्हणत नव्हतं.

तिसऱ्या माणसाची जागा अजून रिकामी आहे. नानांच्या जागी आलेला नवा गडी आज पुन्हा उशिरा येणार आहे. हे मी बोर्डसमोर बसूनच लिहितोय. चार हजारांच्या रेघेवर एक पट्टी आहे. जिन्यात पावलं वाजली की उठता येईल – म्हणजे, त्यानं म्हटल्यावर.