शनिवारी परत गेलेले स्केट्स

मंडळी, आले एकदाचे! ईश्वरीचे फिगर स्केटिंगचे नवे बूट. चाकांचे हो, नांदुऱ्यात बर्फ कुठला? येत्या रविवारी नागपूरला तिची स्पर्धा आहे आणि पोरगी जुन्या बुटांत बोटं मुडपून सराव करत होती.

"आज येईल, उद्या येईल" ऐकून माझं डोकं फिरलं होतं. त्यात आज सकाळी मोबाइलवर मेसेज आला, 'ग्राहकाने पार्सल नाकारले.' मी तडक कुरिअरच्या ऑफिसात जाऊन भांडायलाच लागले.

तिथला दादा म्हणाला, "ताई, शनिवारी आल्तो न घरी. बाबांनीच परत पाठवलं."

बाबा म्हणजे माझे सासरे. लगेच फोन लावला.

"मामाजी, पार्सल तुम्ही परत केलं?"

"हाव. चाकाचे जोडे हायेत म्हने, लोखंडाचे. शनिवारी लोखंड घरात घेतात काय? म्या त्याले सोमवारी आन म्हनलं."

परतीच्या गाडीत चढायला निघालेल्या पोत्यातून दादानं खोकं काढून दिलं. माझ्या जिवात जीव आला.

घरी मामाजींनी चाकांना कुंकू लावलं, लिंबं ठेवली, मगच नातीला उभं राहू दिलं. ती अंगणात गिरक्या घेताना पाहून रागच गेला.

पण नागपूरला निघायचं शनिवारीच! भीतभीत विचारलं, "मामाजी, बूट न्यायचे ना?"

"ने न माय. जानाऱ्या लोखंडाले वार नसते."

आता सांगा, या माणसाशी भांडायचं तरी कसं?