पाहिल्याची तारीख

सुजाताच्या शेवटच्या लेखाची संदर्भसूची काल दुपारी मी आणि मुक्ताने तपासायला घेतली. सुजाता जाऊन चार महिने झाले. लेख बखरींवरचा आहे. इंटरनेटवरच्या संदर्भापुढे तो कधी पाहिला ती तारीख लिहायची असते. संपादकबाईंनी कळवलं होतं, की प्रत्येक पान पुन्हा उघडून पाहा आणि आजची तारीख टाका.

“पाहिलं तुझ्या आईने,” मी म्हणालो. “आजची तारीख टाकली तर ते खोटं होईल.”

“बाबा, आई असती तर तिनेच दटावलं असतं तुम्हाला. उगाच हुज्जत घालू नका.”

मुक्ता एकेक तारीख बदलत गेली. माणूस गेलं की साड्या, चष्मा, औषधं आवरावी लागतात, हे ठाऊक होतं. ते माणूस कुठल्या दिवशी काय वाचत होतं, तेही असं पुसावं लागेल हे ठाऊक नव्हतं.

एक पान मात्र उघडेना. वेबसाइटच बंद झाली होती. मुक्ताने संपादकबाईंना फोन लावला.

“मग लेखिकेने पाहिलं तीच तारीख राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आता दुसरं कोण पाहणार?”

आम्ही ती तारीख पहिल्यांदा नीट वाचली. आदल्या दिवशी केमो झाली होती. त्या दिवशी तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ती पडून होती, आणि आम्हाला वाटत होतं, झोपली आहे.