पेंढा भरलेलं रेडकू

भजनी मंडळातल्या बायांनो, ही चिठ्ठी वाचून पुढच्या घरी द्या.

आज दूध आलं नाही, म्हणून मीच तांब्या घेऊन वेशीबाहेर सोनी गवळणीच्या गोठ्यात गेले. बिबट्याने तिच्या सगळ्या शेळ्या नेल्या, आता म्हशीची पाळी होती. म्हणून शिकारी आला तेव्हा तिने म्हशीचं रेडकू आमिषाला दिलं. ते ओरडेना, तर शिकाऱ्याच्या माणसाने त्याचा कान पिळला, म्हणजे बिबट्याला ऐकू जावं.

रेडकू धरताच शिकाऱ्याने गोळी घालून मारलेला तो बिबट्या काल गाडीवर घालून वाजतगाजत इतवाऱ्याच्या बाजारातून नेला. देवीचं वाहन म्हणून मी त्याला हळदकुंकू वाहिलं. तुम्हीही वाहिलंत.

म्हैस मात्र पान्हा सोडेना. म्हणून सोनीने रेडकाचं कातडं सोलवून त्यात पेंढा भरला आणि म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटत होती आणि सोनी धार काढत होती.

मी म्हटलं, “अगं, मुक्या जिवाला फसवतेस?”

“मग तुमच्या बाळकृष्णाला उपाशी ठेवू का, माय?” ती हसत म्हणाली. “रेडा मोठा होऊन दूध देणार होता थोडाच.”

कातड्याला मानेपाशी दातांची भोकं होती. म्हैस नेमकी तिथेच चाटत होती.

दूध वाया कसं घालवायचं? मी घरी येऊन नैवेद्य दाखवला, पण डोळे मिटले की ती जीभच दिसते.

बायांनो, तुमच्याही घरी तिचंच दूध येतं. तुम्ही आज नैवेद्य दाखवलात का?