नळीचं दुसरं टोक

हिराजी गेल्याचं त्याच्या मुलीने, सुरेखाने, फोनवर सांगितलं. मी रोह्याला घरी पेपर वाचत बसलो होतो. "काका, बाबा गेले. सकाळीच. दुखलं-खुपलं काय नाय," एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आता ते पुस्तक कोणी उघडणार नाही... मग मात्र स्वतःचीच इतकी लाज वाटली, की बायकोला बातमी सांगायलाही तोंड उघडेना. महिना उलटला तरी ती लाज जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हिराजी पेणच्या खाडीकडचा, मिठागरावर वाढलेला. मी पेणला मामाकडे शिकायला होतो तेव्हा तो माझ्या बाकावर बसायचा. चौथीनंतर तो मिठागरात गेला आणि मी कॉलेजपर्यंत रेटलं. पुढे देशाच्या दळणवळण उपग्रहांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कंपनीत मी कारकून म्हणून लागलो आणि माझ्या ओळखीने तोही मदतनीस म्हणून चिकटला. कंपनी नवी होती. तोवर आपण परक्यांच्या उपग्रहावर भाड्याने जागा घ्यायचो. आता आपला स्वतःचा उपग्रह वर गेला होता आणि त्याचे संदेश झेलायला जागोजाग डिश उभ्या राहत होत्या. अशाच एका माळावरच्या केंद्रावर आम्ही दोघं होतो.

पावसाळा सरला आणि आमच्या डिशला खोड लागली. चित्र यायचं, जायचं. साहेबलोकांनी केबली तपासल्या, मशीनं उघडली, शेवटी वरच्या उपग्रहालाच बोल लावून मोकळे झाले. हिराजी मात्र डिशच्या चौथऱ्याभोवती उकिडवा फिरत होता. "ह्यो चौथरा एका अंगाला बसलाय," तो माझ्या कानात म्हणाला. चौथरा बांधताना यंत्राने मोजलेला होता, तशी कागदावर सही होती, आणि ती सही करणारे साहेब समोरच उभे होते. पुन्हा मोजा म्हणणार कोण? हिराजी कोणाला विचारत बसला नाही. त्याने गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन चौथऱ्याच्या पलीकडे गेला. दोन्ही कोपऱ्यांना चौथऱ्यापासून सारख्या उंचीवर खुणा केल्या होत्या. मिठागराचे वाफे सपाट करण्यात त्याच्या घरच्यांचा जन्म गेलेला. वाफा एका अंगाला जरी बसला तरी पाणी कोपऱ्यात साचतं आणि मीठ नीट धरत नाही, हे त्याला पाळण्यापासून ठाऊक.

"तुज्याकडं पानी खुनेवर हाय का?" तो तिकडून ओरडला.

माझ्याकडे पाणी खुणेच्या बोटभर वर होतं, म्हणजे माझी बाजू खाली बसली होती. साहेब माझ्याकडेच बघत होते. 'हाय' म्हणावं आणि सुटावं, असं मनात येऊन गेलं. हिराजीला माझी चुळबुळ तिथूनही दिसली असावी. "आरं, पानी खोटा बोलत नाय," तो म्हणाला, "नळीच्या दुसऱ्या टोकाला मानूस खरा पायजे, येवढाच!"

मी खरं तेच सांगितलं. साहेबांना चौथरा सरळ करून घ्यावा लागला आणि चित्र स्थिरावलं. हिराजीची पाठ कोणी थोपटली नाही, पण त्याला त्याचं काय? दुपारी डबा खाताना पडद्यावरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईकडे बघून म्हणाला, "आता कशी सरळ बसली बाय!"

पुढे मी प्रसिद्धी विभागात चढलो. हिराजी मदतनीस होता तसाच निवृत्त होऊन गावी गेला. कंपनीने आपला इतिहास इंग्रजीत छापायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या खर्ड्यात हिराजी होता, नळीसकट. हौसेने त्याला तसं कळवूनही बसलो. आणि मग मीच तो परिच्छेद खोडला... मला कोणी सांगितलं नव्हतं. उपग्रहाच्या इतिहासात गवंड्याची नळी बघून वरचे लोक हसतील असं वाटलं. शिवाय सही करणारे ते साहेब आता फार वर पोचले होते. मी शेपूट घातलं. हिराजीच्या जागी एक वाक्य राहिलं, 'स्थानिक कामगारांचे सहकार्य लाभले.'

पुस्तक द्यायला मी त्याच्या घरी गेलो. त्याने हात धुतले, पुसले, मगच ते घेतलं. "माजा नाव कुठल्या पानावर हाय?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे बघ, इथं."

त्या इंग्रजी ओळीकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानंतर दरवर्षी त्याच्याकडून जाड मिठाची पिशवी यायची. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी नुसतं खाल्लं.

परवा सुरेखाला भेटायला निघालो. गाडीने कासू स्टेशन सोडलं तेव्हा मनात वाक्यं जुळवत होतो, पेणला उतरेपर्यंत सगळी विस्कटली. सुरेखा शाळेत शिक्षिका आहे. घरापुढे तिने नवा ओटा बांधायला काढलाय. आत फडताळात ते पुस्तक स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेलं दिसलं. मी कसंबसं म्हटलं, "सुरेखा, त्या पुस्तकात तुझ्या बाबांचं..."

"नाव नाय. माहीत हाय, काका. बाबांनापन माहीत होतं."

मी पुस्तक देऊन गेलो त्याच आठवड्यात तिने हिराजीला ते पान वाचून दाखवलं होतं. "मी लय चिडलेली. तुमाला फोन करते म्हटलं. तर म्हनाले, नको गो. तो लाजंल, मंग आपल्याकडं यायचा बंद व्हईल."

म्हणजे इतकी वर्षं माझं खोटं त्यानेच झाकून ठेवलं होतं, आणि वर मीठही पाठवलं. सुरेखाने चहा दिला, मग दाराजवळच्या खुंटीवरची नळी काढली. तीच की तशीच दुसरी, विचारायचा धीर झाला नाही.

"काका, गवंडी उद्या येनार. ओट्याची लेव्हल बघायचीय, एकटीने व्हत नाय. जरा टोक धरता?"

मी धरलं. ती ओट्याच्या पलीकडे गेली.

"काका, पानी खुनेवर हाय?"

डोळे भरून आले होते, खूण दिसेना.

"थांब गो," मी म्हटलं, "नीट बघून सांगतो."