फिल्मच्या डबीतलं मीठ

कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, राखाडी झाकणाची. शेवटचे तीन आठवडे ती बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि ती मी दिली होती. सांगायचं आहे ते एवढंच. पण त्याला मला सतरा वर्षं लागली, तेव्हा थोडं आधीपासून सांगतो.

बाबा टेलिफोन खात्यात होते. ते निवृत्त झाले तोवर घरच्या फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस गेले होते, पोरांच्या खिशात मोबाइल आले होते. मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचो. वाघोलीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईबाबांना तिथे आणलं. वर्षभरात बाबांची किडनी निकामी होत चालल्याचं कळलं.

डॉक्टरांनी यादी दिली. दिवसाला पाणी एक लिटर, त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून. मीठ नावापुरतं. केळं, संत्रं, शहाळं, टोमॅटो, आंबा बंद, कारण त्यात पोटॅशियम असतं. आपली किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते, त्यांची टाकू शकत नव्हती, आणि ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून भाजी चिरून कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात शिजवायची, तेही फेकायचं. आई सातवी शिकलेली, पण यादी पाळण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. तिने ती फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि रोज सकाळी बाबांपुढे लिटरची बाटली भरून ठेवायला लागली.

आमच्या सोसायटीला पाणी टँकरने यायचं. खाली टँकर लागला की बाबा गॅलरीत उभे राहून टाकीत पडणारी धार बघत बसायचे. "दहा हजार लिटर," ते म्हणायचे, "आणि आम्हाला एक."

तक्रार अशी ते करत नसत. दोनदा पाणी काढलेल्या दोडक्याला अजून दोडका का म्हणायचं, एवढंच एकदा विचारलं. मग हळूहळू त्यांनी जेवणच कमी केलं. पानातलं चिवडायचे आणि माझ्या ताटातल्या लोणच्याकडे बघायचे. ते बघणं मला सोसेना, म्हणून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवून येऊ लागलो. घरी सांगायचो, काम आहे.

नगर रोडला तेव्हा नवं सुपरमार्केट झालं होतं. तिथे एका रविवारी मला एक मिठाचं पाकीट दिसलं. वर हृदयाचं चित्र, आणि लिहिलेलं, सोडियम कमी. मला वाटलं, सापडलं. मीठ वाईट ते सोडियममुळे, मग यात ते कमीच आहे. आईला दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, आधी डॉक्टरांना विचार. डॉक्टरांना विचारायचं म्हणजे अर्धा दिवस रजा, आणि ऑफिसात त्या महिन्यात मान वर करायला वेळ नव्हता. मी जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीतली डबी धुतली, वाळवली, भरली आणि बाबांच्या हातात ठेवली.

"यात सोडियम कमी आहे बाबा, खुशाल घ्या. आईला मात्र सांगू नका, उगाच वाद घालेल."

त्यांनी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. म्हणाले, "कडसर आहे जरा. पण मीठ आहे."

पुढचे तीन आठवडे ते जेवले. आई स्वयंपाकघरात वळली की खिशातली डबी निघायची, आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटायचा. अर्धी भाकरी जास्तीची मागून घेऊ लागले. आईला वाटलं, तिला अखेर पथ्याचा स्वयंपाक जमला. नागपूरला ताईला फोन करून तिने ते दोन-तीनदा सांगितलं. मीही घरी जेवायला लागलो.

बुद्धपौर्णिमेला खीर झाली, आणि बाकीच्यांसाठी आमरस. बाबा आईला म्हणाले, दोन चमचे दे गं. तिने यादीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दिले. चहाचे चमचे, दोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठायला गेले आणि परत बसले. "पायच नाहीत मला," म्हणाले. नाडी इतकी संथ की मला सापडेना. हॉस्पिटलमध्ये लगेच आत नेलं. नर्सने त्यांचे कपडे माझ्या हातात दिले, तेव्हा डबी मी माझ्या पँटच्या खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत ताईही येऊन पोचली.

वॉर्डाबाहेर तरुण डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. पोटॅशियम खूप वाढलंय, काय खाल्लं होतं, असं विचारलं.

"आमरस," आई म्हणाली. तिने दोन बोटं वर केली. "दोन चमचे. मी दिला."

ताई म्हणाली, "आई, यादी तुझ्याच फ्रिजवर होती ना?"

डॉक्टरांनी पुढे विचारलं की आणखी काही, शहाळं, कसलं पथ्याचं मीठ वगैरे? आई म्हणाली, नाही हो, मीठ तर मीच मोजून घालते.

मी काही बोललो नाही. तेव्हा मला कळलंच नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. डॉक्टरांनी मीठ म्हटलं त्या क्षणी कळलं होतं. घरी जाऊन पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, पोटॅशियम क्लोराइड, ते फक्त खात्री करून घ्यायला. पाकीट मी ऑफिसच्या कचरापेटीत टाकलं.

बाबा मशीनवर दोन दिवस होते. मधे एकदा जागे झाले, आणि त्यांचा हात छातीवर खिसा शोधत फिरला. मी वाकून म्हणालो, माझ्याकडे आहे. त्यांनी डोळे मिटले.

मी तेव्हा बोललो असतो तर ते वाचले असते का? उपचार तेच झाले असते, हे मी नंतर एका डॉक्टर मित्राकडून दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून काढून घेतलं. बाबा कदाचित वाचले नसते. आई वाचली असती.

त्यानंतर तिने आंबा खाल्ला नाही. शेजारणीने विचारलं, व्रत धरलंय का, तर म्हणाली, "व्रतबीत आपण मानत नाही. घशाखाली जात नाही, एवढंच." मीही सोडला, अ‍ॅसिडिटी होते म्हणून. दर मे महिन्यात ताईचा फोन आला की कुठूनतरी त्या दोन चमच्यांचा विषय निघायचाच. ताई वाईट नाही. पण एका लग्नात ती चारचौघांत बोलून गेली की आईने बाबांचे लाडच नको तेवढे केले. आईने मान डोलावली. मी शेजारीच पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझे नुसते ओठ हलायचे. आईचा आवाज मात्र स्वच्छ यायचा.

या वर्षी माझी रक्ततपासणी झाली. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आहे. फार नाही, पण डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलं. आई आता एक्क्याऐंशीची. तिने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती यादी काढली. कागद पिवळा पडला होता. तो फ्रिजवर चिकटवला, दोडका चिरायला घेतला आणि मला म्हणाली, "या वेळी माझ्या हातून चूक होणार नाही."

मी आत जाऊन माझ्या टेबलाच्या खणातली डबी आणली. ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कोमट पाण्यात हात तसेच ठेवून ती ऐकत होती. मग हात पुसून तिने झाकण उघडलं. आत मिठाचा दगड झाला होता. नखाने खरवडून तिने जिभेला लावलं.

"कडू आहे."

"तेही म्हणाले होते."

"तरी खायचे?"

"हो."

"म्हणजे ते तीन आठवडे," आई म्हणाली, "माझ्या हातचं गोड लागलं म्हणून जेवत नव्हते."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. सतरा वर्षांत तिच्याजवळ तेवढीच एक गोष्ट उरली होती, आणि तीही मी काढून घेतली.

आईने डबीचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी दोडका पुन्हा भिजत घातला आणि मला खाली पाठवून दोन हापूस आणवले. रस काढला, एका वाटीत घातला, चमचा ठेवला आणि टेबलाशी बसली.

"ताईला फोन लाव."

मी म्हणालो, आत्ता ती शाळेत असेल, शिकवत असेल.

"असू दे. तिला सांग, मग मी खाते. आणि बाहेर जाऊन बोल, मला परत ऐकायचं नाही."

मी गॅलरीत गेलो. खाली टँकर लागला होता. त्या आवाजात मी ताईला सांगितलं, आणि दोन वाक्यं मला मोठ्याने पुन्हा म्हणावी लागली.  ती म्हणाली, आईला दे.

आईने फोन डाव्या कानाला लावला. बराच वेळ नुसती हं हं करत राहिली. मग म्हणाली, "रडू नकोस गं, शाळेत आहेस." उजव्या हाताने तिने चमचा उचलला होता. दोन चमचे खाल्ले. मग फोन ठेवला, वाटीवर ताटली झाकून ती फ्रिजमध्ये ठेवली आणि दार लावलं. दारावर यादी तशीच होती.

"तुझा दोडका झाला असेल भिजून," ती म्हणाली. "पाणी फेक."