कोकमतेलाची पळी

रत्नागिरीत आमच्या घरी टाचेच्या भेगा, फुटलेले ओठ, चुलीचा चटका, सगळ्याला औषध एकच: कोकमतेल. त्याचा पांढुरका घट्ट गोळा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात बारा महिने असायचा. लागेल तेवढा खरवडायचा, पळीत घालून निखाऱ्यावर धरायचा आणि ऊन ऊन चोळायचा. लग्न होऊन आले त्या थंडीत माझ्या टाचांना ते चोळलं थोरल्या जाऊबाईंनी. मी त्यांना वहिनी म्हणायचे. सासूबाई नव्हत्या, आणि माझ्या तर नाकाच्या शेंड्यावर राग, त्यामुळे माझी आदळआपट सोसायचं काम वहिनींकडेच आलं. "आपट गो, पण पितळेचं आपट, मातीचं नको," एवढंच म्हणायच्या.

एकोणीसशे तीस उलटून काही वर्षं झाली होती. वहिनींच्या छातीत गाठ निघाली. लाजेपायी त्यांनी ती वर्षभर कुणाला सांगितली नाही. शेवटी भावजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना मुंबईला नेलं. तिथे शस्त्रक्रिया होऊन स्तन काढला आणि होळीनंतर तीन आठवडे त्या जागेवर किरण दिले. आम्ही त्याला 'वीज देणं' म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, अजून एक खेप दिल्याशिवाय रोगाची मुळं जळायची नाहीत. मधला महिनाभर घरी जा, पण पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत परत या. आणि येताना कातडी शाबूत हवी. सोललेल्या कातडीवर वीज देता येत नाही.

म्हणजे वहिनींचं जगणं त्या वीतभर कातडीवर आलं होतं.

भावजी कचेरीत कारकून. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं कागदावर उतरवून माजघराच्या दाराला आतून चिकटवलं. तेल नको, साबण नको, हळद नको, शेक नको, चोळणं नको. कोमट पाणी नुसतं ओतायचं, मऊ फडक्याने टिपायचं, वर डॉक्टरांनी दिलेली पांढरी पूड भुरभुरायची. चोळी काचते म्हणून तीही नको, त्याऐवजी भावजींचा जुना सैल सदरा. तो घालून वहिनी पडवीतसुद्धा येईनात. "वहिनी, आता डोक्यावर टोपी तेवढी घाला, कचेरीत पाठवून देते," मी म्हटलं. हसताना दुखतं म्हणून त्या हाताने कूस धरून हसल्या.

तीन आठवडे मी एकही नियम मोडला नाही, हे मात्र खरं. कातडी आधी लाल झाली, मग काळवंडली, कोरडी पडली आणि खाजू लागली. त्यात वैशाखाचा उकाडा. काखेतून घाम पाझरायचा आणि तिथे आग व्हायची. खाजवायला लागू नये म्हणून वहिनी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायच्या.

बोटीला आठ दिवस राहिले होते. दुपारी भांडी घासून आत आले तर वहिनी रडत होत्या. गाठ निघाली तेव्हा रडल्या नव्हत्या त्या. "धाकटे, सोसवत नाही गो," म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं.

"चुलीत घाला तो कागद!" मी ओरडले. "डॉक्टरला काय कळतंय? कधी कोकम तरी बघितलंय का मेल्याने?"

कोनाड्यातला गोळा काढला, पळीत घातला, निखाऱ्यावर धरला. "नको गो," वहिनी हळूच म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर पळी घेऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सदरा बाजूला केला. माझ्या रागापुढे त्यांनी कधीच 'नाही' म्हटलं नव्हतं, त्या दिवशी तरी म्हणायचं होतं!

त्यांनी माझ्या टाचा चोळल्या होत्या तशीच, अंगठ्याने दाबून, मी ती जागा चोळली. त्यांनी डोळे मिटले. "बरं वाटलं," म्हणाल्या. मला केवढा तोरा चढला! दुसऱ्या दिवशी मी न विचारताच पळी तापवली. तिसऱ्या दिवशी सदरा काढताना त्याबरोबर कातडी निघून आली.

भावजी कचेरीतून आले आणि त्यांनी पाहिलं. "काय लावलं? कुणी लावलं?"

मी दारातच होते. एरवी माझ्या तोंडाला खीळ नाही, पण तेव्हा मी पदराला हात पुसत राहिले. माझे यजमान मुंबईला नोकरीला, मी राहत होते भावजींच्या घरात.

"मीच लावलं," वहिनी म्हणाल्या. "खाज सोसेना."

"एवढं पाळता आलं नाही तुला?" भावजी म्हणाले आणि अंगातले कचेरीचे कपडे न उतरवताच बाहेर जाऊन बसले.

ते गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुला अजून पुष्कळ दिवस राहायचंय या घरात," त्या म्हणाल्या.

भावजींनी मुंबईला डॉक्टरांना पत्र घातलं. उत्तर आलं, जखम भरेपर्यंत आणू नका. शेवटची बोट गेली. सगळा पावसाळा मी पाणी उकळून निववत होते, ओतत होते, टिपत होते. भावजींना सांगायचं रोज ठरवत होते. आज सांगते, उद्या सांगते. श्रावणात कातडी धरली, तान्ह्या मुलासारखी गुलाबी. आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसलो.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने भावजी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी काख चाचपली, गळ्याजवळ चाचपलं आणि म्हणाले, गाठी पसरल्यात, आता विजेचा उपयोग नाही. दत्तजयंतीच्या आधी वहिनी गेल्या.

पुढे एका डॉक्टरीणबाईंना मी हे आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हाच्या त्या उपचारांनी तशाही वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. असेलही तसं. पण ती दुसरी खेप त्यांच्या हक्काची होती आणि ती मी घालवली. त्या वाचल्या असत्या तर त्यांच्यासमोर भावजींना एकदा तरी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. त्यावर माझाच विश्वास बसत नाही.

वहिनींच्या तेराव्याला पंगत बसली. भावजी शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, "सगळं नीट चाललं होतं हो. अंगाला तेल लावायचं नाही, एवढंच होतं. तेवढंही जमलं नाही तिला."

"बायकांना कुठला आलाय धीर," पाहुणे म्हणाले.

मी वाढत होते. भावजींच्या पानापाशी आले, वाकले आणि विचारलं, "भात वाढू?"