हद्दीवरची म्हैस आणि वकीलभावजी

कुणी धडपडलं की वकीलभावजी हात देत नसत, आधी विचारत, "कुठं पडलात?" गुडघा फुटला की कोपर, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. राज्य कुठलं, ते हवं असे.

भावजी म्हणजे आमच्या यजमानांचे चुलतभाऊ. चिंचणीला चिकूची वाडी, आणि वकिली शिकले ती पालघरच्या कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिऊन. "वैनी, आपल्याकडं बाटली दुकानात मिळते, गुजरातेत शिरली की तीच बाटली गुन्हा. मग लागलं-खुपलं तर भरपाईचा कायदा तरी एकच कसा असेल?" हे मला बिनतोड वाटे. पन्नाशीची होते मी, पण अक्कल अजून पाळण्यात.

लेकीला बोईसरच्या कारखान्यातला मुलगा आवडला. त्याचं घर गुजरातच्या हद्दीला लागून, पण पलीकडे. भावजींना घेऊन ते बघायला निघालो, तर लेक म्हणाली, "आई, तिथं गोंधळ घालू नकोस हं. माझं लग्न मोडेल." मी विहीणबाईंवर छाप पाडायला उंच टाचांच्या चपला घातल्या. बांधावरून तोल सावरत चालले होते, तोच मागून एका म्हशीने अशी ढुशी दिली की छाप पडली ती चिखलात.

"हलू नका, वैनी!" भावजी हद्दीच्या दगडापासून छत्रीने मोजू लागले. "डोकं गुजरातेत, पाय महाराष्ट्रात. दुखतंय कुठं?"

"कमरेत!"

"ती नेमकी हद्दीवर हाय. जरा पलीकडं सरका, तिकडचा कायदा कडक हाय."

आणि मी शहाणी, सरकले!

तेवढ्यात एक बाई धावत आल्या. "अगो चंपे, काय केलंस गो!"

"म्हैस तुमची?" भावजी गरजले. "आमी दावा लावणार!"

"लावा, पण आदी बाईला उचला. आज आमच्याकडं मुलीकडचे यायचेत, मला उभं राहायला वेळ नाय."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चिखलातूनच डोक्यावर पदर घेतला.

छत्री मिटून भावजी हळूच म्हणाले, "म्हशीच्या ढुशीला कुठल्याच राज्यात कायदा नाय, बाई. आमीच मुलीकडचे."

लग्न थाटात झालं. मी गेले की विहीण अजून आधी गोठ्याचं दार लावते, मग पाणी देते.

मागल्या वर्षी भावजी चिकू उतरवताना शिडीवरून कोसळले. मी धावले, आणि तोंडून निघालं, "भावजी, कुठं पडलात?"

विव्हळता विव्हळता हसले. "आपल्याच वाडीत, वैनी. दावा लावायला कुणी नाय."

त्या पडण्यातून ते काही उठले नाहीत.

परवा नात धडपडली. तिला उचलायचं सोडून मी तेच विचारलं. कार्टी भोकाड आवरून म्हणते कशी, "अर्धी ओटीवर, अर्धी अंगणात. कुठं सरकू, आजी?"